औषधाच्या नोंदवहीपासून आरोग्यधोरणापर्यंत

सातपुड्यातून धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या बाजाराला उतरलेला माणूस पुष्कळदा दवाखान्याआधी मेडिकलची पायरी चढतो आणि महिनाभर न हटलेल्या खोकल्याबद्दल पहिल्यांदा तिथेच बोलतो. त्यामुळे आरोग्यधोरण ठरवण्यात औषधनिर्मात्याला, म्हणजे फार्मासिस्टला, स्थान असावे की नाही, हा प्रश्न खानदेशापुरता तरी पुस्तकी नाही.

ब्रिटिश अमदानीत डॉक्टरच्या चिठ्ठीवरून मिश्रण तयार करून देणाऱ्या कंपाउंडरला देशभर लागू असा शिक्षणाचा कोणताही नियम नव्हता. हलक्या प्रतीच्या आणि भेसळीच्या औषधांच्या तक्रारी वाढल्यावर १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. औषधांवर केंद्रीय कायदा हवा आणि औषधनिर्मात्याच्या व्यवसायालाही शिस्त हवी, अशा दोन्ही शिफारशी तिने १९३१ मध्ये केल्या. पुढच्याच वर्षी महादेवलाल श्रॉफ यांनी काशी हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण सुरू केले. पहिली शिफारस १९४०च्या औषध कायद्यात उतरली, दुसरीला मात्र १९४८चा फार्मसी कायदा होईपर्यंत थांबावे लागले. औषधाची काळजी आधी आणि ते हाताळणाऱ्या माणसाची नंतर, हा क्रम मला बोलका वाटतो.

औषधविषयक तांत्रिक बाबींवर सरकारला सल्ला देणाऱ्या मंडळात या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या फार्मसी कौन्सिलने निवडलेला अध्यापक आणि इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनचा प्रतिनिधी यांना जागा आहे. धोरणाच्या बैठकीत या व्यवसायाला मिळालेले हे रीतसर आसन आहे. परंतु गावातल्या दुकानात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बसणाऱ्याचा अनुभव तिथवर पोहोचण्याची वाट त्यातून आपोआप तयार होत नाही.

ती वाट थोडीफार उघडली ती नोंदींमुळे. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ परिशिष्टात, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या एका कडक यादीत, आरंभी ४६ औषधे होती. त्यांत वरच्या फळीची प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधेही आली. ती विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि दिलेले प्रमाण यांची वेगळी नोंद करून ती ३ वर्षे जपणे दुकानदारावर बंधनकारक झाले. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने क्षयरोगाची औषधे देणाऱ्या औषधविक्रेत्यांना अशा रुग्णांची माहिती शासनाला कळवणे सक्तीचे केले. त्यामुळे दुकानाची वही रोगनियंत्रणाच्या कामाला जोडली गेली. त्याआधी, २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला औषधाबद्दल समजावून सांगणे हे औषधनिर्मात्याचे काम ठरवले होते.

नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा प्रश्न जुना आहे. २०४७ पर्यंत हा आजार हटवण्याचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले, आणि ० ते ४० वयोगटातील ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य आहे. तपासणीनंतर ज्यांना हायड्रॉक्सीयुरियाची गोळी सुरू होते, त्यांना ती महिनोन्‌महिने खंड न पडता मिळावी लागते आणि अधूनमधून रक्ताची तपासणीही करावी लागते. साठा कधी संपत आला आणि कोणता रुग्ण गोळी न्यायला आलाच नाही, हे आरोग्य केंद्रातल्या औषध निर्माण अधिकाऱ्याला सर्वांआधी कळते. जिल्ह्याची औषधखरेदी ठरवताना त्याचे मागणीपत्र नुसते वाचण्याऐवजी त्यालाच बैठकीला बोलवावे, अशी मागणी त्यामुळे रास्त ठरते.