जुना रंग म्हणजे जुनं मॉडेल नव्हे

'डब्यावर जुन्या काळातला रंग असेल तर मॉडेल जुनं, म्हणून दुर्मिळ आणि महाग', हा समज मॉडेल रेल्वे जमवणाऱ्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. कोल्हापुरातही नवीन शौकीन हेच ऐकून पैसे मोजतात. समज पटण्यासारखा आहे, पण रंग फक्त खऱ्या गाडीचा काळ सांगतो. खेळण्याचा नाही.

ब्रिटनमध्ये 1948 साली रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यानंतर 1949 ते 1956 या काळात तिथल्या एक्स्प्रेसच्या डब्यांना गडद लाल आणि क्रीम असा रंग होता. तोच रंग कंपन्या आजही नव्या मॉडेलवर छापतात. उलट जुन्या डब्याला कुणी घरी रंग दिलेला असू शकतो.

म्हणून डबा हातात घ्या आणि उलटा करा. तळाला 'मेड इन चायना' कोरलेलं असेल तर तो 1950 च्या दशकातला नाही. कपलिंग, म्हणजे डबे एकमेकांना जोडणारा आकडा, छोट्या चौकोनी खाचेत बसवलेलं, ओढून काढता येणारं असेल, तरी तो अलीकडच्या दशकांतलाच. जुन्या मॉडेलच्या चाकांच्या कडा जाड असतात, बोटाला लगेच जाणवतात. मग खोक्यावरचा क्रमांक कंपनीच्या जुन्या कॅटलॉगशी ताडून पाहा. ऑनलाइन घेताना तळाचा फोटो मागाच. विक्रेता टाळत असेल तर मी तरी पैसे पाठवत नाही.