शाळेतल्या नाट्य-नृत्य शिक्षकाची पात्रता : बेळगाव सीमाभागाची पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यातल्या शाळांत कलाशिक्षक म्हणजे ड्रॉइंग मास्तर. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा, पुढे कलाशिक्षकाचा अभ्यासक्रम आणि मग हायस्कूलात जागा, असा त्याचा रस्ता ठरलेला होता. बेळगाव तेव्हा याच इलाख्यात होतं. नाटक आणि नाच शिकवणाऱ्यासाठी मात्र असा रस्ता कुणी आखला नाही.

नाटकाला इथे तोटा होता म्हणून नव्हे. 1880 साली शाकुंतल रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. पण नाटक शिकायचं ते कंपनीत राहून. त्याला ना परीक्षा, ना दाखला. शिवाय नाटकात गेलेल्या पोराबद्दल घरात काय बोललं जायचं, ते जुन्या माणसांना सांगायला नको. नाचाची गत त्याहून वाईट. चांगल्या घरातल्या मुलीनं नाचणं विसावं शतक बरंच पुढे सरकेपर्यंत कुणाला मानवलं नाही.

कोंडी फुटली ती गाण्यामुळे. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढे शिष्यांनी 1931 मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा परीक्षा त्यातून रुळल्या. कथक आणि भरतनाट्यमही नंतर त्यात आलं. गुरूच्या शब्दाला कागदाची जोड मिळाली ती अशी.

1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि तिकडची वेगळी पद्धत लागू झाली. तिथे संगीत-नृत्याच्या ज्युनिअर, सीनिअर, विद्वत या परीक्षा अनेक वर्षं सरकारी परीक्षा मंडळच घेत होतं. त्यामुळे सीमाभागात नृत्याचे दोन कागद चालतात, एक गांधर्व मंडळाचा आणि एक राज्याचा. दोन्हींतून विद्यार्थिनी किती चांगली नाचते ते कळतं. चाळीस मुलांचा वर्ग तिला सांभाळता येईल का, याचं उत्तर त्यात नाही. माझ्या मते पात्रतेचा खरा घोळ इथेच आहे.

नाटकाच्या बाबतीत कर्नाटकनं एक मोठं काम केलं, ते मोकळेपणानं मान्य करायला हवं. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडूत के. व्ही. सुब्बण्णांनी 1949 मध्ये नीनासम ही नाट्यसंस्था उभी केली आणि 1980 मध्ये तिथे नाट्यशिक्षण संस्था सुरू झाली. अशा संस्थांतून पदविका घेतलेल्यांना पुढे काही सरकारी हायस्कुलांत नाट्यशिक्षक म्हणून नेमलं गेलं. पण हे शिक्षण कन्नडमधून. मराठीतून नाटक शिकायचं तर बेळगावचं पोर पुण्याच्या ललित कला केंद्रात जाणार. शिकून परत आलं की गावच्या सरकारी मराठी शाळेत जागा असते ती डी.एड. झालेल्या सर्वसाधारण शिक्षकाची. म्हणून गॅदरिंग आलं की गणिताच्या बाई व्हरांड्यात मोबाईलवर गाणं लावून नाच बसवतात. प्रतिभा कारंजी या कर्नाटकातल्या शालेय कलागुणांच्या स्पर्धेलाही त्याच मुलांना घेऊन जातात. त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. शिकवण्याची सगळी जबाबदारी त्यांच्यावर टाकणं मात्र अन्याय आहे.

देशपातळीवरचे नियमही अर्धवट राहिले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं 23 ऑगस्ट 2010 ला पहिली ते आठवीच्या शिक्षकांची किमान पात्रता ठरवली, पण कलाशिक्षकांसाठी राज्यांचे जुने निकषच चालू ठेवले. 2014 च्या नियमावलीत प्रयोगकलांच्या, म्हणजे नाटक, नृत्य, संगीत अशा कलांच्या, शिक्षणपदविकेचे निकष आले. ही पदविका मराठीतून सीमाभागातच मिळावी, अशी मागणी आता व्हायला हवी.

जागांचा प्रश्न त्याहून अवघड आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तरच कलाशिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षक द्यावा लागतो. कर्नाटकात प्राथमिक शाळा बहुधा सातवीपर्यंत आणि आठवी हायस्कूलात, म्हणजे हा आकडा दोन शाळांत विभागला जातो. खानापूरच्या जंगलपट्ट्यात तर पहिलीपासून सातवीपर्यंत मिळूनही शंभर मुलं नाहीत अशा मराठी शाळा कितीतरी. एसडीएमसीनं, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीनं, ठराव करून बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात दिला तरी कायद्याच्या या अटीत ती शाळा बसत नाही. दोन-तीन गावांच्या शाळा मिळून एक नाट्य-नृत्य शिक्षक द्यायचा, तर त्यासाठी राज्याला वेगळा आदेश काढावा लागेल.