फिकट पिनो न्वार म्हणजे पाणचट वाइन?

‘रंग फिका, म्हणजे वाइन पाणचट’ हा जुना समज पिनो न्वार या द्राक्षाच्या लाल वाइनला लागू पडत नाही. या द्राक्षाची साल पातळ, रंगद्रव्यं मुळातच कमी. फ्रान्समधल्या बर्गंडीतल्या शांबर्तँसारख्या ग्राँ क्रूच्या, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या मळ्यातल्या वाइनच्या ग्लासातूनही पलीकडची बोटं दिसू शकतात. उलट शाईसारखी गडद पिनो दिसली, तर थोडा संशयच घ्यावा.

गडदपणा सोडा, कड बघा. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. नव्या वाइनची कड जांभळट-लाल, मुरलेलीची विटकरी. दोन-तीन वर्षांच्याच बाटलीत तपकिरी कड आणि काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास आला, तर तिला हवा लागली आहे. चव १४ ते १६ अंश सेल्सिअसला घ्या; त्याहून गरम झाली की अल्कोहोल नाकात चढतं आणि चेरीचा गंध दबतो.