सीएनसी कार्डाची पिनमांडणी शोधणे

सीएनसी यंत्राच्या, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर कापण्या-कोरण्याचे काम करणाऱ्या यंत्राच्या, नियंत्रण कार्डावरची कोणती पिन कोणते काम करते, हे माहितीपत्रक हाताशी नसताना तपासून ठरवणे म्हणजे पिनमांडणी शोधणे. बोलताना ‘पिनआउट’ हाच शब्द चालतो. स्टेपर मोटरच्या प्रत्येक अक्षाला दोन संकेत लागतात: एका पल्सला मोटर एक पाऊल सरकते आणि डायरेक्शनचा संकेत दिशा ठरवतो. त्याशिवाय मोटर जागी धरून ठेवणारा एनेबल, कापणारे हत्यार फिरवणारा स्पिंडल चालू-बंद करणारा रिले, अक्ष टोकाला पोचला हे सांगणारा लिमिट स्विच आणि इमर्जन्सी बटण. साधे कार्ड हे संकेत फक्त पुढे पोचवते. कोणता संकेत कोणत्या पिनवर सोडायचा हे संगणकातला प्रोग्राम ठरवतो. त्यामुळे कार्डावर ‘एक्स’ छापलेले असले तरी प्रोग्राममध्ये तीच पिन लावलेली असेल, याची खात्री नसते.

मुंबईत ही वेळ बहुधा दोन प्रकारे येते. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, आयात केलेले कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळते आणि पिशवीत कार्डाशिवाय काहीच नसते. किंवा एमडीएफच्या जाळ्या, देव्हारे, नावाच्या पाट्या कापणारे जुने राउटर यंत्र कोणीतरी विकत घेतो आणि ज्याने त्याची वायरिंग केली तो माणूस केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. दुसरा प्रकार जास्त चिवट. तिथे कार्डाबरोबर आधीच्या माणसाची डोकेबाजीही उलगडावी लागते.

जुन्या यंत्रांत संगणकाच्या पॅरलल पोर्टला (पूर्वी प्रिंटर जोडायचा तो) जोडलेले कार्ड अजून सापडते. या २५ पिनांच्या पोर्टचा हिशेब ठरलेला आहे. २ ते ९ या डेटाच्या पिना आणि १, १४, १६, १७ मिळून १२ आउटपुट. १०, ११, १२, १३ आणि १५ हे पाच इनपुट. १८ ते २५ ग्राउंड. म्हणजे लिमिट स्विच ११ किंवा १३ वर शोधावा, ७ वर शोधण्यात वेळ घालवू नये. यातल्या १, ११, १४ आणि १७ या पिना पोर्टच्या आतच उलट्या केलेल्या असतात, म्हणून ‘रिले उलटाच वागतो’ ही तक्रार १, १४ किंवा १७ वर आली तर कार्डाला दोष देण्याआधी हे आठवावे. अनेक कार्डांवर २-३, ४-५, ६-७ अशा जोड्या एक्स, वाय, झेडच्या असतात, पण जोडीत पल्स आधी की डायरेक्शन आधी हे कार्डागणिक बदलते. काही कार्डांवर यूएसबीचे सॉकेटही असते; ते नुसते ५ व्होल्ट घेण्यासाठी. त्यातून डेटा जाईल या आशेवर संगणकासाठी ड्रायव्हर प्रोग्राम शोधत बसलेले लोक पाहिले आहेत.

एक फसगत रिबन केबलची. कार्डावर २६ पिनांचा दुहेरी रांगेचा कनेक्टर असेल तर त्याचे आकडे पोर्टच्या आकड्यांशी जुळत नाहीत: त्याची २ नंबरची पिन म्हणजे पोर्टची १४, ३ म्हणजे पोर्टची २, ४ म्हणजे १५. केबलची लाल कडा १ नंबर दाखवते. मोजणी तिथून सुरू करावी.

हत्यार म्हणजे मल्टिमीटर. आधी सप्लाय बंद करून मीटर बीपवर ठेवून (दोन टोके जोडलेली असली की बीप येतो) ग्राउंड शोधतात. संगणकाकडच्या ५ व्होल्टचे ग्राउंड आणि २४ व्होल्टच्या बाजूचे ग्राउंड यांत बीप आला नाही तर ते तुटलेले समजू नये. मध्ये ऑप्टोकपलर (संकेत प्रकाशाने पलीकडे पोचवणारा भाग) ठेवून दोन बाजू मुद्दाम वेगळ्या केलेल्या असतात. मग मोटरला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरच्या तारा काढून, मीटर डीसी व्होल्टवर ठेवून, काळी सुई ग्राउंडला लावतात आणि एक्स अक्ष प्रोग्राममधून हळू चालवतात. लाल सुई डायरेक्शनच्या पिनवर असेल तर दिशा बदलताच आकडा ० वरून ५ च्या आसपास जातो आणि तिथेच राहतो. पल्सची पिन मात्र मीटरला जवळजवळ मेलेली दिसते. १० मायक्रोसेकंदांची पल्स सेकंदाला १,००० वेळा आली तरी ती वेळेच्या एक टक्काच चालू असते, म्हणून मीटर ०.०५ व्होल्ट दाखवते. नवशिक्या इथेच पिन बाद समजून पुढे सरकतो. अक्ष थांबवल्यावर हा इवलासा आकडा शून्य होतो का, हे पाहिले की उलगडा होतो. दोन्ही तारा उलटसुलट लागल्या तर लक्षण ठळक असते: मोटर चालत नाही, दिशा बदलताना तेवढी एखादी टिचकी मारते.

आर्डुइनो ऊनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर चालणाऱ्या जीआरबीएल या सीएनसीच्या प्रोग्राममध्ये पिना आतच पक्क्या असतात: पल्स २, ३, ४ वर, डायरेक्शन ५, ६, ७ वर, एनेबल ८ वर. तरीही ऊनोवर बसणाऱ्या सीएनसी शील्ड या कार्डाची तिसरी आवृत्ती हमखास चकवते. तिच्यावर झेड लिमिटची जागा ११ वर आणि स्पिंडलची १२ वर छापलेली आहे, कारण त्या वेळच्या जीआरबीएलमध्ये तसेच होते. पुढे स्पिंडलचा वेग कमीजास्त करण्यासाठी पीडब्ल्यूएम (पल्सची रुंदी बदलण्याची सोय) लागले. ऊनोवर ते ११ वर मिळते, १२ वर मिळत नाही; म्हणून ०.९ मालिकेत दोघांची अदलाबदल झाली. छपाई जुनीच राहिली. छपाईवर विसंबून झेडचा स्विच जोडला तर तो लिमिटचे काम करत नाहीच, उलट स्विच दाबला गेला की स्पिंडलचे आउटपुट थेट ग्राउंडला टेकते.

इनपुट तपासणे सोपे: स्विच हाताने दाबायचा आणि पडद्यावर कोणता दिवा बदलतो ते पाहायचे. न शिवता जवळची वस्तू ओळखणाऱ्या तीन तारांच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरमध्ये तपकिरी धन, निळी ऋण, काळी संकेताची. मात्र सेन्सर एनपीएन (संकेताची तार ऋणाला जोडणारा) की पीएनपी (धनाला जोडणारा) हे कार्डाशी जुळले नाही तर सेन्सरवरचा दिवा लागतो आणि कार्डाला काहीच कळत नाही.

स्पिंडलची पिन शेवटी शोधावी, तीही कापणारे हत्यार उतरवून. संगणक सुरू होताना पॅरलल पोर्टच्या पिना कुठल्याही स्थितीत असू शकतात आणि रिले आपोआप ‘टक’ करून लागू शकतो. यावर चार्ज पंपाचा उपाय असतो: प्रोग्राम चालू असेपर्यंत एका पिनवर सतत पल्स येत राहतात (माक ३ या संगणकावरच्या सीएनसी प्रोग्राममध्ये सुमारे १२.५ किलोहर्ट्झच्या), त्या थांबल्या की कार्ड आउटपुट तोडते. सगळ्या तारा नीट असून एकही मोटर हलत नसेल, तर ही पिन प्रोग्राममध्ये लावायची राहिली असावी.

सापडलेली मांडणी कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवतात. मुंबईच्या पावसाळ्यात जेल पेनची शाई फुटते आणि ३ चा ८ होतो, पेन्सिल टिकते.