नटाला ‘हे करता कसं?’ असं टीव्हीने कधी विचारलं?

नटाला किस्से विचारणं सोपं. ‘ही भूमिका बसवलीत कशी?’ असं विचारायला मात्र विचारणाऱ्याची तयारी लागते. टीव्हीला हा प्रश्न सुचायला वेळच लागला, आणि मिळालेली उत्तरं टिकली ती बरीचशी नशिबाने. जुन्या मुलाखतींचे जे तुकडे आज मोबाइलवर फिरतात, त्यांच्यामागे हे दोन्ही आहे.

बीबीसीचा ‘फेस टू फेस’ १९५९ मध्ये सुरू झाला. जॉन फ्रीमन जवळजवळ पाठमोरा बसून विचारणार आणि कॅमेरा पाहुण्याच्या चेहऱ्याला चिकटून. पण रोख माणसावर, कामावर नाही. विनोदी नट टोनी हॅनकॉक १९६० मध्ये तिथे बोलला आणि त्यानंतर तो स्वतःला जास्तच चिरफाडू लागला, असं त्याच्या भावाचं मत होतं.

कामावर खरं बोलणं झालं ते १९६६ च्या ‘ग्रेट अ‍ॅक्टिंग’ या मालिकेत. ब्रिटिश नट लॉरेन्स ऑलिव्हिएला प्रश्न विचारत होता नाट्यसमीक्षक केनेथ टायनन. हा टायनन तेव्हा ऑलिव्हिएच्याच नॅशनल थिएटरात नोकरीला! म्हणजे साहेबाची मुलाखत कारकुनाने घ्यावी तसं, पण प्रश्न गुळमुळीत नाहीत. ऑलिव्हिए सांगतो, भूमिका त्याला बाहेरून आत सापडते. आधी नाक, चाल, आवाज, मग माणूस. शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डसाठी त्याने एका अमेरिकन निर्मात्याची ढब उचलली आणि जुन्या नटांकडून ऐकलेली एकोणिसाव्या शतकातल्या हेन्री आयर्विंग या नटाच्या आवाजाची नक्कल वापरली. अभिनय शिकणाऱ्याला हे चार भाषणांपेक्षा जास्त उपयोगी आहे, असं मला वाटतं.

अशा मुलाखती दोन इंच रुंद व्हिडिओ टेपवर असत. टेप जड आणि महाग, त्यामुळे पुसून पुन्हा वापरणं हा हिशेबाचा भाग. बीबीसीत हे सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत चाललं.

अमेरिकेत गप्पांचे कार्यक्रम होते. १९७३ मध्ये डिक कॅव्हेटच्या कार्यक्रमात नट मार्लन ब्रँडो आला, पण अभिनयाबद्दल बोलायला फारसा राजी नव्हता; त्याला मूळनिवासी इंडियनांचे प्रश्न मांडायचे होते. त्याच वर्षी अभिनेत्री कॅथरिन हेपबर्न कॅव्हेटचा स्टुडिओ नुसता बघायला आली, गालिच्याला नावं ठेवली, सामान हलवायला लावलं आणि आता आलेच आहे तर बोलूनच घेऊ म्हणून प्रेक्षकांशिवायच बसली. नटाची शिस्त तिच्या त्या धाकातूनच कळते.

वर्ग भरवून शिकवण्याची कल्पना १९९४ ची, ‘इनसाइड द अ‍ॅक्टर्स स्टुडिओ’ची. न्यूयॉर्कमध्ये जेम्स लिप्टन निळ्या कार्डांची चळत घेऊन बसे, समोर अभिनयाचे विद्यार्थी. पहिला पाहुणा पॉल न्यूमन. गंमत अशी, की लोकांच्या लक्षात राहिली ती शेवटची प्रश्नावली, तुमची आवडती शिवी कोणती वगैरे.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि त्याच वर्षी तबस्सुम यांचं ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ आलं. ते २१ वर्षं चाललं. त्या स्वतः बालकलाकार होत्या, त्यामुळे भलेभले नट त्यांच्यापुढे मोकळे होत. पण सूर शेरोशायरीचा, घरगुती. कामाचं बोलणं ओझरतं येई.

ते बोलायची भाषा पुण्यात तयार होत होती. न्यूयॉर्कला अभिनयशिक्षक सॅनफर्ड माइझनरकडे शिकलेले रोशन तनेजा फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनय शिकवत. जया भादुरी, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी ही तिथली मंडळी. नसीर किंवा ओम पुरी मुलाखतीत कामाबद्दल बोलतात तेव्हा शिकलेला नट लगेच ओळखू येतो. आधीच्या पिढीतले बरेच जण ‘देवाची देणगी’ म्हणून विषय संपवत.

दूरदर्शननेही टेपा पुसल्याच. जे वाचलं त्यातलं काही प्रसार भारती आता यूट्यूबवर टाकते.