प्रदीर्घ युद्धातलं बालपण

वर्षानुवर्षं चाललेल्या सशस्त्र संघर्षात जन्मलेल्या, वाढलेल्या मुलांची स्थिती. किती वर्षं म्हणजे प्रदीर्घ यावर एकमत नाही, पण सिरियात मार्च २०११ च्या सुमारास जन्मलेलं पोर डिसेंबर २०२४ मध्ये असद सरकार पडलं तेव्हा तेरा वर्षांचं होतं, तिथे तरी वाद नको. शाळा बंद, लस नाही, घर सोडून पळणं हे सगळ्यांना माहितीय.

घोळ आहे तो वयाचा. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या जादा प्रोटोकॉलने १५ वर्षांखालच्यांना लढाईपासून लांब ठेवा म्हटलं. १९८९ च्या बालहक्क कराराने मूल म्हणजे १८ च्या आतलं असं ठरवलं आणि त्याच करारातल्या कलम ३८ मध्ये लढाईसाठी परत १५ च ठेवलं! २००० च्या पूरक प्रोटोकॉलने प्रत्यक्ष लढाईसाठी १८ केलं, तरी सरकारी सैन्यात स्वखुशीने १६ पासून भरती चालते, बंडखोर गटांना मात्र १८ च्या आत कुणालाच घेता येत नाही. भारत यात २००५ ला आला. कागदावर ठीक, पण जन्मदाखलाच नसेल तर? पोरांना लढाईत उतरवल्याबद्दल काँगोचा बंडखोर नेता लुबांगा याच्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटला चालला, त्यात पोरांचं वय ठरवायला एक्स-रे वगैरे झाले, शेवटी २०१२ च्या निकालात न्यायाधीशांनी व्हिडिओत जी पोरं उघड उघड १५ च्या खालची दिसत होती त्यांच्यावर जास्त भर दिला.

मनावरच्या परिणामाबद्दल बालमनोविश्लेषक अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांचं दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनच्या बॉम्बहल्ल्यातलं निरीक्षण अजून वापरतात: आई जवळ असेल तर लहान मूल बॉम्बने फारसं हादरत नाही, तिच्यापासूनच्या ताटातुटीनेच जास्त हादरतं. लंडनमध्ये रेशन, दवाखाने चालू होते म्हणून ते सगळीकडे लागू होत नाही असंही म्हणतात, तरी मूळ मुद्दा पटण्यासारखा आहे.

या विषयाशी आपल्या सोलापूरचा संबंध दोन ठिकाणी येतो. भैय्या चौकात ज्यांचं स्मारक आहे ते आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला जपानशी लढणाऱ्या चीनला वैद्यकीय पथकातून गेले, तिथल्याच नर्स कुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलगा इनहुआ ऑगस्ट १९४२ चा, ९ डिसेंबरला डॉक्टर गेले तेव्हा जेमतेम साडेतीन महिन्यांचा. जपानशी युद्ध १९४५ ला संपलं आणि पाठोपाठ यादवी, ती १९४९ पर्यंत, म्हणजे पोरगा सात वर्षांचा होईपर्यंत देश लढतच होता.

दुसरं, हैदराबाद संस्थानची सीमा. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने पलीकडची कुटुंबं पोराबाळांसकट सोलापूर, बार्शीकडे आली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजेची संस्थानावरची मुख्य चढाई सोलापूरहूनच नळदुर्गच्या दिशेने झाली, पाच दिवसांत आटपली. नंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेडकडे मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला, भारत सरकारने पाहणीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा, तो सगळे मानत नाहीत. वर्ष-सव्वा वर्षाच्या या काळाला प्रदीर्घ म्हणावं का हा प्रश्न आहेच, पण या नोंदीत दोन्हीकडची पोरं धरावी लागतात.