विषाणूशोध (पुणे)

रोग्याच्या शरीरातून नवा विषाणू वेगळा काढणे, तो आधी माहीत असलेल्यांपैकी नाही याची खात्री करणे आणि आजाराशी त्याचे नाते सिद्ध करणे, या तिन्ही गोष्टी मिळून विषाणूचा शोध पुरा होतो. भारतात हे काम प्रामुख्याने पुण्यातून झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ साली येथे विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणजेच एनआयव्ही, या नावाने ओळखले जाते.

केंद्राला पहिले मोठे यश १९५७ साली मिळाले. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि जंगलात जाणारे गावकरीही तापाने पडू लागले. माकडांना आणि माणसांनाही होणारा पीतज्वर (यलो फीवर) भारतात शिरला की काय, अशी धास्ती होती. तपासात मात्र गोचिडांमार्फत पसरणारा एक नवाच विषाणू सापडला. सिंधुदुर्गातील काजूबागांच्या पट्ट्यात लोक ज्याला ‘माकडताप’ म्हणतात, तो हाच आजार.

चांदीपुरा विषाणूची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९६५ साली नागपूर परिसरात डेंगी व चिकनगुनियाची साथ चालू असताना दोन तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या शास्त्रज्ञांनी हा विषाणू वेगळा केला. भट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. साधा ताप देणारा म्हणून त्याकडे पुढे बरीच वर्षे फारसे कोणी वळले नाही. २००३ साली आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची भयंकर साथ आली. ३२९ मुले आजारी पडली आणि १८३ दगावली. पुण्यात तपासलेल्या नमुन्यांतून चांदीपुराचेच नाव पुढे आले. वाळूमाशीमार्फत पसरणारा हा आजार काही तासांत मुलाला बेशुद्धीत नेतो. विषाणू ३८ वर्षे माहीत होता, त्याचे घातक रूप मात्र तेव्हा कळले.

जपून ठेवलेले रक्ताचे नमुने किती मोलाचे ठरतात, हे काविळीच्या संशोधनात दिसले. १९५५-५६ मध्ये दिल्लीत दूषित पाण्यामुळे सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली होती. ती हिपॅटायटिस ‘ए’ची साथ असे सगळे मानून चालले होते. १९८० साली खोर्शेद पावरी यांच्यासह पुण्यातील संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर जुने सीरम (रक्तातून वेगळा केलेला द्रव) पुन्हा तपासले, तेव्हा ती समजूत चुकीची ठरली. आज हिपॅटायटिस ‘ई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, विशेषतः गरोदर स्त्रियांच्या जिवावर उठणाऱ्या आजाराचा माग इथून लागला. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सोव्हिएत विषाणूशास्त्रज्ञ मिखाईल बालायन यांनी रुग्णांच्या विष्ठेतून तयार केलेला द्राव स्वतः प्राशन केला आणि पुढे स्वतःच्याच विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण पाहिले.

पूर्वी असा शोध उंदरांच्या दूधपित्या पिल्लांत आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत नमुना टोचून लावत; आता जनुकीय क्रम वाचून लावतात. तरीही जिवंत विषाणू हाती लागणे महत्त्वाचेच असते. २०२० साली एनआयव्हीत वेगळ्या केलेल्या करोना विषाणूच्या वाणापासूनच कोव्हॅक्सिन लस बनली.